व्हेस्टाचे अठ्ठेचाळीस

शोल्स गिरणीच्या विणाई खात्यात माणसं ओठांनी बोलत. चारशेच्या वर माग एकदम खडखडत असताना घसा ताणून उपयोग नसे. शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी तिच्या वाट्याला शब्दांपेक्षा थुंकीच जास्त यायची. म्हणून आवाज न काढता, ओठ नीट हलवून, शब्द समोरचीला दाखवायचे. अशा बोलण्यातून बायका दोन रांगांपलीकडून एकमेकींना लोणच्याची कृती सांगत, कुणाच्या पोरीचं कुठे जमतंय ते सांगत, आणि मुकादम पाठमोरा झाला की त्याची नक्कलही करत. घरी गेल्यावर ही सवय सुटत नसे. रविवारी पाद्री नरकाचं वर्णन करत असताना विणाईच्या बायका मागच्या बाकांवर हूं की चूं न करता अख्खा आठवडा बोलून काढत.

व्हेस्टा टीग हे बोलणं शिकली लेसी प्रॉप्स्टकडून. सन एकोणीसशे एकोणीसमध्ये व्हेस्टा बापाबरोबर डोंगरातून कॅरोलायनाच्या या सपाटीवर उतरली तेव्हा चौदा वर्षांची होती. लढाई नुकतीच संपलेली, कापडाला मागणी होती, आणि गिरणीचा माणूस डोंगराडोंगरातून सांगत फिरत होता की काम देऊ, घर देऊ, घरात विजेचा दिवा देऊ. दिवा खरंच होता. घरही होतं, पण ते गिरणीचं. घरातलं कुणी कामावर आहे तोवर राहायचं. काम सुटलं की आठवड्याभरात सामान बाहेर. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे.

लेसीला सगळं खातं लेसीमावशी म्हणे. विधवा बाई, घरात फक्त भाऊ हॉइट. हॉइटचा उजवा हात पिंजण खात्यातल्या यंत्राने कोपरापासून नेला होता, त्यामुळे ते घर लेसीमावशीच्या मागांवर उभं होतं. ती खालच्या ओठात कायम तपकीर धरून असे. ओठ असा फुगलेला की तिचं बोलणं वाचायला नव्या पोरीला वर्षभर लागायचं. पण खरोखर महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ती आधी तपकीर थुंकून टाके, पदर असल्यासारखा एप्रनचा कोपरा उचलून ओठ पुसे, आणि मग बोले. मावशी थुंकली की पोरी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत.

तिने व्हेस्टाला विणकराची गाठ शिकवली: डाव्या अंगठ्याखाली धागा, उजव्या बोटाने फेरा, ओढली की संपलं, कापडात शोधूनही सापडू नये. आणि खिडकीची रीत शिकवली. एका बाईकडे चोवीस माग. सगळे चालू आहेत, कुठे धागा तुटलेला नाही, असं झालं की तिने खिडकीपाशी जायचं आणि सुताच्या कांड्यांचं रिकामं खोकं उलटं घालून त्यावर बसायचं. ती बसली की तिच्या मागांवर शेजारीण नजर ठेवी. मग शेजारणीची पाळी. कुणी दिलेली ही सवलत नव्हती. मुकादम बॉस्टिक स्वतः विणकरणीचा मुलगा, त्याच खिडकीत आईच्या मांडीवर झोपलेला. त्याला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

"बसलेली दिसली की समजायचं, ही चांगली विणते," लेसीमावशी सांगे. "धावणारी बाई आधी बिघडवते आणि मग निस्तरत बसते."

व्हेस्टा चांगली विणकरीण झाली. चांगली म्हणजे किती, तर माग थांबायच्या आधीच तिला कळे की याचा धागा आता जाणार. पंचविशीच्या आत तिच्याइतका हात खात्यात कुणाचाच चालत नव्हता. आणि ते तिला ठाऊक होतं. गावातल्या पेठेत गेलं की दुकानदार गिरणीवाल्यांना मागे उभं करून आधी गावातल्या बायकांना माल देई. केसांतून कापसाचे तंतू कितीही झटकले तरी एखादा राहायचाच, आणि गावातली पोरं 'पिंजारडोकी' म्हणून ओरडायची. पेठेतून परत येताना व्हेस्टाचे कान तापलेले असत. मागांपाशी उभी राहिली की तिला बरं वाटे. तिथे ती कुणाच्या मागे नव्हती.

एकोणतीस सालच्या वसंतात पेल्टन नावाचा माणूस उत्तरेकडून आला. एका हातात लाकडी पाटी, तिच्यावर कागद. दुसऱ्या हातात खटका दाबला की थांबणारं घड्याळ. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचं नाव 'मिनिटवाला' पडलं होतं. तसा माणूस सभ्य. बायकांना बघून टोपी काढायचा, जे पेठेतल्या कुणी कधी केलं नव्हतं. बॉस्टिकने त्याला आणून व्हेस्टाच्या मागे उभं केलं.

आमच्या डोंगरी लोकांत पाहुण्यासमोर गार भाकरी ठेवत नाहीत. घरात एकच कोंबडी असली तरी ती कापतात आणि पाहुणा गेल्यावर आठवडाभर ताक आणि घेवड्यावर भागवतात. आपल्याकडे चांगलं ते परक्याला दाखवायचं, हे हाडीमाशी खिळलेलं. व्हेस्टाने तेच केलं. मिनिटवाला मागे उभा राहिला आणि तिच्या हातांना पंख फुटले. एक धागा सांधायला इतरांना लागायचा त्याच्या निम्मा वेळ. कांडी बदलताना मान वळवायची नाही. चार दिवसांत ती एकदाही खोक्यावर बसली नाही.

"बाई, मी अकरा गिरण्या पाहिल्या," मिनिटवाला तिच्या कानाशी वाकून ओरडला. "असे हात नाही पाहिले."

तेवढ्यात व्हेस्टाची नजर पलीकडच्या रांगेकडे गेली. लेसीमावशी तिच्याकडेच बघत होती. तिने तपकीर थुंकली. एप्रनच्या कोपऱ्याने ओठ पुसले. मग अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आवाज न करता म्हणाली, "हात आवर. तो मोजतोय."

व्हेस्टाने मान वळवली आणि पुढच्या मागाकडे गेली.

संध्याकाळी दोघी मावशीच्या ओसरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. मावशी म्हणाली, "दुपारी मी तुला काही सांगत होते."

"हो का? लक्षच नव्हतं गं माझं," व्हेस्टा म्हणाली. "दिसलंच नाही."

मावशीने मान डोलावली आणि वाटाण्यांची पुढची मूठ घेतली. तो विषय तिने परत काढला नाही.

तीन आठवड्यांनी दारावर कागद लागला. यापुढे एका बाईकडे अठ्ठेचाळीस माग. कांड्या भरायला वेगळे हात मिळतील, मजुरी थोडी वाढेल, आणि निम्म्या बायका नको आहेत. खिडकीपाशीची खोकी उचलून नेली. काचांना आतून हिरवा रंग दिला, बाहेर बघण्यात कुणाचं चित्त जाऊ नये म्हणून. कागदावर व्हेस्टाचं नाव नव्हतं. त्याची गरजही नव्हती. मिनिटवाला चार दिवस कुणाच्या मागे उभा होता ते चारशे मागांच्या खात्याने पाहिलं होतं.

त्याच खात्यातल्या झेल्मा बीमची धाकटी बहीण त्या निम्म्यांत गेली. झेल्माने तिथल्या तिथे त्या आकड्याचं नाव ठेवलं, व्हेस्टाचे अठ्ठेचाळीस. ते खात्यातच काय, सगळ्या वस्तीत रुजलं.

"पाय दुखतात? दुखणारच. व्हेस्टाचे अठ्ठेचाळीस आहेत ते," झेल्मा ओठांनी म्हणायची, आणि व्हेस्टाला नीट वाचता येईल अशा बेताने तोंड वळवून म्हणायची. चर्चमध्ये व्हेस्टा बसली की तिच्या बाकावर ऐसपैस जागा होई. नवरा ओटिस सूत खात्यात होता, गरीब स्वभावाचा. तो म्हणे, "लोक विसरतील." लोकांना विसरायला फुरसत कुठे होती? ते रोज अठ्ठेचाळीस मागांमधून धावत होते.

व्हेस्टाला टोमण्यांचं वाईट वाटे, पण ते सोसवत होतं. सोसवत नव्हते ते लेसीमावशीचे हाल. बावन्न वर्षांची बाई, घोटे संध्याकाळी पावासारखे फुगलेले, अठ्ठेचाळीस मागांच्या मधून हेलपाटत जायची. कापडात दोष निघाला की बॉस्टिक कागदावर खूण करी. महिन्यात पाच खुणा झाल्या की काम गेलं. मावशीचं काम गेलं तर घर गेलं, आणि एका हाताच्या हॉइटला कुणी कुठे घेणार नव्हतं.

मावशीचे माग व्हेस्टाच्या मागांना लागून होते. व्हेस्टाने ठरवलं वगैरे काही नाही, ती नुसती करत गेली. आपल्या रांगेच्या टोकाला पोचली की दोन पावलं पुढे टाकायची, मावशीचा थांबलेला माग बघायचा, धागा सांधायचा, खटका ओढून तो सुरू करायचा, परत फिरायचं. पहिल्या महिन्यात दिवसातून दहा वेळा, नंतर तीस, नंतर मोजणं सोडलं. म्हणजे ती अठ्ठेचाळीस नव्हे, साठेक माग चालवत होती. मावशीच्या नावावर महिन्यात तीनच्या वर खुणा कधी झाल्या नाहीत. मावशी बघत असे, काही म्हणत नसे. हिवाळ्यात डुक्कर कापलं की पाठीचा चांगला तुकडा मात्र व्हेस्टाकडे यायचा.

एकतीस-बत्तीस साली गिरणी आठवड्यातून तीनच दिवस चाले. मग तेहतीस साली वॉशिंग्टनच्या सरकारने कायदा केला की गिरणीत आठ तासांच्या वर कुणी राबायचं नाही. ही गिरणी कायदा पाळते याची खूण म्हणून फाटकावर सरकारी निळ्या गरुडाचं चित्र लागलं, लोकांनी चर्चमध्ये आभार मानले. आधी दिवस अकरा तासांचा होता. ते तीन तास मालकाने सोडून दिले असतील असं वाटणारी माणसं आमच्याकडेही होती. ऑक्टोबरात मिनिटवाला परत आला. त्याच्या पाटीवर आता चौसष्टचा आकडा होता, फक्त मोजून खरा करायचा राहिला होता.

शनिवारी दुपारी बॉस्टिक स्वतः व्हेस्टाच्या घरी आला. टोपी हातात. आत बसायला तयार नव्हता.

"सोमवारी परत तुझ्याच मागे उभा करतोय त्याला," तो म्हणाला. "हे झालं की तुला माग नाहीत. नव्या पोरींना शिकवायचं, बस. टेकाडावरचं चार खोल्यांचं घर रिकामं आहे. मी शब्द टाकलाय."

"आणि लेसीमावशी?"

बॉस्टिकने टोपी फिरवली. "तिचे माग कोण चालवतं ते मला दिसत नाही असं समजू नकोस. मी खूप वर्षं दुसरीकडे बघितलं. चौसष्ट झाल्यावर मला दुसरीकडे बघता येणार नाही, व्हेस्टा. तुलाही दोन पावलं पुढे टाकता येणार नाहीत."

तो गेल्यावर व्हेस्टा मावशीच्या ओसरीवर जाऊन बसली. त्याने सांगितलं ते सगळं सांगितलं. हॉइट पायरीवर बसून दातांनी दोरी ओढून कुंपणाची गाठ मारत होता, तो थांबला.

"चार खोल्या," मावशी म्हणाली. "ओटिसला खोकल्याला बरी पडेल ती हवा. उंचावर आहे."

"मावशी, मी काय करू ते सांग."

"मी कशी सांगू? माझी चार वर्षं तुझ्या हातांवर गेली. आणि एक तुला कधी बोलले नाही ते आज बोलते. तू माझे धागे सांधलेस म्हणून माझं घर राहिलं, खरंच. पण तू सांधलेस म्हणूनच त्यांचा कागद खरा ठरला. म्हातारी लेसीसुद्धा अठ्ठेचाळीस चालवते, मग तुम्हाला काय धाड भरलीय, असं बॉस्टिक पोरींना ऐकवायचा. मी खाली मान घालून ऐकायची. तेव्हा मला विचारू नकोस."

सोमवारी मिनिटवाला आला. केस विरळ झाले होते. त्याने टोपी काढली आणि तिला ओळखून हसला. घड्याळाचा खटका दाबला.

व्हेस्टाला वाटलं होतं की हळू काम करणं सोपं असेल. तसं नव्हतं. माग थांबायच्या आधीच हात पुढे जात होते, ते मागे ओढावे लागत. तुटलेला धागा समोर दिसत असताना तिने चालत जायचं ठरवलं, मावशी चालते तसं, आणि त्या सहा पावलांत तिला घाम फुटला. बिघडलेलं काम तिने जन्मात कुणाला दाखवलं नव्हतं. आता ज्या माणसाने तिचे हात वाखाणले होते त्याच्यासमोर ती ते मांडत होती. लाज वाटली. खरोखरची लाज, पेठेत वाटायची तशी. सकाळ अशी गेली. दुपारी तिचे सगळे माग चालू होते तेव्हा ती कोपऱ्यातून कांड्यांचं रिकामं खोकं घेऊन आली, हिरव्या काचेखाली उलटं घातलं आणि त्यावर बसली.

मिनिटवाल्याने जुना कागद काढला, नवा बघितला. तो वाकून ओरडला, "बाई, बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग मागच्या वेळी...?"

"मागच्या वेळी पाहुणे आले होते," व्हेस्टा ओरडून म्हणाली. "रोज कोण कोंबडी कापतं?"

त्याला ते कळलं नाही. पण ती म्हणाली ते अर्ध्या खात्याने वाचलं होतं. झेल्मा बीम तीन रांगांपलीकडे उभी होती. तिने व्हेस्टाकडे बराच वेळ बघितलं, जणू ही नवीन कुणी कामाला लागलीय. मग स्वतःच्या मागांवरून एक नजर फिरवली, सगळे चालू आहेत याची खात्री केली, खोकं आणलं आणि बसली. तिचे माग शेजारणीने बघितले. मग शेजारीण बसली.

संप कुणी म्हणू शकलं नसतं. एकही माग बंद नव्हता. मिनिटवाला बुधवारपर्यंत एकीमागून दुसरीच्या मागे उभा राहिला आणि ज्या रांगेत जाई तिथे त्याला चालणाऱ्या बायका दिसत, धावणारी एकही नाही. गुरुवारी तो गेला. चौसष्टचा कागद दारावर लागला नाही. अठ्ठेचाळीस मात्र अठ्ठेचाळीसच राहिले. ते कमी होतील अशी आशा कुणाला नव्हती.

शुक्रवारी व्हेस्टाला काढलं. कारण काही दिलं नाही. बॉस्टिकने चिठ्ठी हातात दिली तेव्हा त्याचा चेहरा आंबलेला होता. ओटिसचंही नाव त्याच चिठ्ठीवर होतं. घर आठवड्यात रिकामं करायचं होतं. ओटिसचा भाऊ चाळीस मैलांवर शेती करत होता. त्याने मालमोटार घेऊन येतो म्हणून कळवलं.

सामान बांधताना व्हेस्टाच्या डोक्यात घर नव्हतं आणि टेकाडावरच्या चार खोल्याही नव्हत्या. आता रांगेच्या टोकाला पोचून दोन पावलं पुढे कोण टाकणार, हे होतं. आपण नाव मिळवलं तेव्हा मावशी बुडाली आणि नाव घालवलं तेव्हाही तीच बुडणार, असं तिला दिसत होतं. त्या आठवड्यात ती मावशीच्या ओसरीवर फिरकली नाही. धीर झाला नाही.

जायच्या दिवशी दुपारी ती कात्री आणि आकडी आणायला गिरणीत गेली. ही हत्यारं ज्याची त्याची असतात, गिरणीची नव्हेत. बॉस्टिकने दारातून आत सोडलं आणि म्हणाला, "पाच मिनिटं." मग तो दुसरीकडे बघू लागला.

तिच्या मागांवर नवी बाई होती. त्यांच्या पलीकडे मावशीची रांग, आणि रांगेत मावशी नव्हती. व्हेस्टा रांगेच्या तोंडाशी आली. मग एक माग थांबला आणि झेल्मा बीम आपली जागा सोडून आली, वाकली, धागा सांधला, खटका ओढला. पुढच्या थांबलेल्या मागाशी दुसरी कुणी होती. त्या पाळीपाळीने येत होत्या. व्हेस्टाने खिडकीकडे बघितलं. लेसीमावशी खोक्यावर बसली होती, दोन्ही घोटे समोर पसरून.

दोघींच्या मध्ये वीस माग खडखडत होते. मावशीचे फुगलेले ओठ हलले. "झेल्माची गाठ बघ. चामखीळ आहे नुसती. कापडात दिसत कशी नाही देव जाणे."

व्हेस्टाला हसू आलं आणि लगेच रडूही. तिने हाताच्या पाठीने तोंड पुसलं. मग ती तिथेच, रांगेच्या तोंडाशी उभी राहून, आवाज न करता, ओठ नीट हलवून म्हणाली, "मावशी, मी खोटं बोलले होते. चार वर्षांपूर्वी तू सांगितलंस ते मला दिसलं होतं. सगळं वाचलं होतं मी."

लेसीमावशीने तपकीर थुंकली. एप्रनचा कोपरा उचलून ओठ पुसले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "वाचायला तुला मीच शिकवलं होतं ना."

मागे कुठेतरी तिचा एक माग थांबला. ती उठली नाही. झेल्मा गेली.